आखाजीला जायची पॅन्ट

सुटीच्या दुपारी सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या खोलीत मी फरशीवर आडवी पडते. पंखा गरम हवा इकडची तिकडे करत असतो आणि भिंतीपलीकडून यंत्रमागांची खडखड येत असते. पाहुणे विचारतात, या आवाजात तुम्हाला झोप लागते तरी कशी? अहो, आवाज बंद पडला की आम्ही दचकून उठतो. त्या खडखडीत मला कित्येक दिवस एकच स्वप्न पडायचं, धड झोपेत नाही, धड जागेपणी नाही असं. मी मोटरसायकलवर आहे, मागे माय बसली आहे, बारडोलीकडचा ऊस दोन्ही अंगांनी मागे सरकतो आहे. ऊन आहे, पण लागत नाही. माय मागून काहीतरी सांगते आहे आणि वाऱ्यात मला ते ऐकूच येत नाही. मग शेजारणीचा कुकर शिट्टी मारायचा आणि मी परत फरशीवर यायची.

माय म्हणजे माझी आई. आम्ही खानदेशातले, घरात अहिराणी बोलतो. माझे वडील तरुणपणी उधन्याच्या मागांवर कामाला आले ते इथलेच झाले. मी बारावीत असताना ते गेले आणि त्यांची मोटरसायकल माझ्याकडे आली. मुलीच्या जातीने मोटरसायकल काय चालवायची, असं म्हणणारे पुष्कळ होते. पण त्यातल्या एकानेही मला रोज कामावर नेऊन सोडलं नाही, म्हणून मी चालवायला शिकले. आता उधन्यातल्या एका कारखान्यात मी कापड तपासते. टेबलाखाली दिवा, टेबलावरून कापड सरकतं, आणि जिथे भोक, तुटका धागा किंवा डाग दिसेल तिथे खडूने गोल करायचा. हेच काम मी बारा वर्षं करते आहे. माझ्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात, पण माझ्या नजरेबद्दल अजून कुणी तक्रार केलेली नाही.

मायचं माहेर नवापूर ओलांडून साक्रीच्या बाजूला आहे. आणि आमच्याकडे माहेराला जायचा सण म्हणजे आखाजी. बाकीचे लोक अक्षय्य तृतीया म्हणून सोनं घेतात, आमच्या बाया माहेर घेतात. ऐन वैशाखात, ऊन डोक्यावर नाचत असताना, म्हाताऱ्या म्हाताऱ्या लेकीसुद्धा पिशव्या उचलून निघतात. खापरावरचे मांडे, आमरस, आणि मुख्य म्हणजे निंबाला टांगलेला झोका. मायच्या भावाच्या, म्हणजे मामाच्या, दारात एक जुना निंब आहे. त्याच्या एका फांदीवर दोरांचे वळ पडलेत. माय सांगायची की त्या झोक्यावर उभं राहून ती इतकी उंच जायची की पाटापलीकडचं शेत दिसायचं. मी म्हणायची, माय, दर वर्षी तुझा झोका एक हात वर जातो. तिला राग यायचा नाही, ती नुसती हसायची.

एसटीत तिला ओकाऱ्या होतात आणि आखाजीच्या गर्दीत आगगाडीच्या डब्यात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून आम्ही दोघी मोटरसायकलवर जायचो. पहाटे निघायचं, बारडोलीला रस प्यायचा, व्यारा, सोनगड, आणि ऊन तापायच्या आत नवापूर. माय मागे एका अंगाला पाय सोडून बसायची, नवी साडी नेसून, पदर खोचून. अशा आमच्या सात-आठ आखाज्या झाल्या.

दोन वर्षांपूर्वी सोनगडच्या पुढे एका वळणावर रस्त्यावर बारीक खडी पसरली होती. फार वेगात नव्हते मी, देवाशपथ. पण मागचं चाक सरकलं आणि गाडी डावीकडे आडवी झाली. मी सुती लेगिंग घातली होती. ती गुडघ्यावर कागदासारखी फाटली आणि तिच्याबरोबर गुडघाही. टाके पडले, तीन आठवडे पाय प्लास्टरमध्ये. माय मात्र उठून उभी राहिली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली की तिला काही झालेलं नाही, जरासा मुका मार आहे. तिनेच एका टेम्पोवाल्याला थांबवलं. त्या वर्षी आखाजी झाली नाही.

आणि त्यानंतर ती गाडीवर बसलीच नाही. मी चालवते त्याला तिची ना नव्हती. गुडघा बरा झाल्यावर तिनेच मला कामावर जायला किल्ली काढून दिली. पण आखाजीचा विषय निघाला की म्हणायची, माझ्या हौसेपायी पोरीचा पाय गेला असता. मामाचा फोन आला की तीच दुसरं काहीतरी निमित्त काढायची. मला वाटायचं, भ्याली आहे, होईल हळूहळू. दुसरं एक झालं, ते मी तेव्हा नीट पाहिलं नाही. तिने तिच्या सगळ्या साड्या वाटून टाकल्या. सुरतेत बाईकडे दुसरं काही नसलं तरी साड्या असतात, चकाकणाऱ्या, धुतल्या की अर्ध्या तासात वाळणाऱ्या. त्या तिने शेजारणींना देऊन टाकल्या आणि सुती पातळं नेसायला लागली. उकडतं म्हणाली. उकडतं तर सगळ्यांनाच, मी जास्त विचार केला नाही. ती जरा पाय ओढत चालायची, तेही मी वयावर टाकलं.

या वर्षी होळीनंतर मामाचा फोन आला. मामाच्या मुलाला दारातच नवीन घर बांधायचं आहे, पावसाळ्याआधी पाया काढायचा, आणि निंब मध्ये येतो. आखाजी झाली की तो निंब पाडणार. मामा फोनवर चाचरत होता. मायने सगळं ऐकून घेतलं, घर बांधायलाच हवं, असं म्हणाली, आणि फोन ठेवून शेंगा सोलत बसली. ती सोललेले दाणे परत टरफलांत टाकत होती. मी दारात उभी राहून पाहत होते. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, माय, या वर्षी जायचंच. ती म्हणाली की बसने तिच्याने होणार नाही. मी म्हटलं, गाडीवर. तर म्हणाली, तुझ्याकडे धड पॅन्ट तरी आहे का?

हे तिने मला गप्प करायला म्हटलं असणार. पण मी ते धरूनच बसले. पॅन्टवर गाडं अडलंय ना, मग पॅन्ट आणू. सुरतेत राहून एक पॅन्ट मिळत नाही म्हणजे काय!

त्या महिन्यात मी पॅन्टच पॅन्ट पाहिल्या. कामावरच्या एकाने सांगितलं की चामड्याची घे, रस्त्यावर घासली तरी भोक पडत नाही. घालून पाहिली तेव्हा दुकानात एसी होता तरी मला घाम फुटला. वैशाखात नवापूरला पोचेपर्यंत माझी उसळ झाली असती. मग आतून मजबूत अस्तर लावलेली जीन्स पाहिली. दिसायला झकास, पण अंगाला जड, वारा आत येणार नाही आणि घामाने मांड्यांना घट्ट बसणार. तिसऱ्या दुकानात नुसते गुडघ्याला बांधायचे पॅड दाखवले. ते चालताना घोट्यावर उतरले. दुपारी पडल्या पडल्या मला आता स्वप्नातही पॅन्ट दिसायला लागल्या, रस्त्याच्या कडेने दोऱ्यांवर वाळत घातलेल्या, वाऱ्याने फुगलेल्या, आत कुणीच नसलेल्या. मायला सांगितलं तर ती म्हणाली, देवाचं नाव घे.

शेवटी रिंग रोडच्या पुढच्या एका दुकानाचा पत्ता लागला, तिथे फक्त गाडी चालवणाऱ्यांचे कपडे. मी मायला म्हटलं, तू पण चल, तूच पास कर म्हणजे नंतर कटकट नको. ती रिक्षाने आली, मी गाडीने. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. आत शिरल्यावर एकदम थंड, अंधारलेलं, आणि भिंतीवर रांगेने काळे कपडे टांगलेले. दुकानदार पन्नाशीचा गुजराती माणूस होता, शांत. मायला त्याने आधी पाणी दिलं, म्हणून तो मला आवडला.

त्याने विचारलं, कुठे जाणार, कधी, किती वेळ. मी सांगितलं. त्याने एक पॅन्ट काढून काउंटरवर टाकली. मी ती उचलली आणि सवयीने दिव्यासमोर धरली. पलीकडचा दिवा आरपार दिसला. सगळी भोकंच भोकं. मी ती तशीच परत ठेवली आणि म्हटलं, हा माल सेकंडचा, डागी आहे. माझा हात खरंच खडू शोधत खिशाकडे गेला होता. बारा वर्षं भोकाला गोल करण्यात गेली, भोक असलेलं कापड चांगलं असू शकतं हे माझ्या डोक्यात शिरेना.

तो हसला नाही. म्हणाला, "बेन, आ जाळी छे. हवा माटे." मग त्याने सावकाश दाखवलं. जाळी आहे ती फक्त मांडीच्या पुढच्या बाजूला आणि पोटरीला, जिथे वारा लागतो. बैठक, कमरेची बाजू आणि गुडघा, म्हणजे पडल्यावर जे आधी जमिनीला लागतं, तिथे जाड विणीचं घट्ट कापड आहे आणि शिवण तिहेरी आहे. गुडघ्यात आणि कमरेला दोन्ही बाजूंना पॅड, हाताने दाबले की मऊ, आपटले की कडक. गाडी चालू असेल तोवर वारा आरपार जाईल, सिग्नलला थांबलात की उकडेल, त्याला इलाज नाही, हेही त्याने सांगितलं. मला ते बरं वाटलं. सगळंच चांगलं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. त्याने मला दुकानातल्या एका जुन्या गाडीवर बसवलं आणि पॅन्ट वर किती सरकते ते पाहायला लावलं. उभं राहून लांबी बघायची नाही, म्हणाला, बसून बघायची, आणि गुडघा वाकवल्यावर पॅड बरोबर वाटीवर आलं पाहिजे. मी उभ्याउभ्याच पॅन्ट पसंत करणार होते. मी गप्प बसून ऐकलं, जे माझ्याकडून क्वचित होतं.

मी पॅन्ट बाहेरून पाहत होते तोवर मायने दुसरी तशीच पॅन्ट घेतली आणि उलटी केली. पूर्ण उलटी, पाय बाहेर काढून. हात आत घालून तिने अस्तर चिमटीत धरलं आणि दुकानदाराला विचारलं, "आत काय शे?" त्याला कळलं नाही, मी सांगितलं की आत काय आहे ते विचारते. तो म्हणाला, अस्तर आहे. माय म्हणाली की ते तिला दिसतंय, कशाचं आहे? तो म्हणाला, चांगलं आहे. हे काही मायला पुरणार नव्हतं.

मायने आयुष्यभर घरी साड्यांचं काम केलं आहे, धागे कापायचे आणि लेसच्या कडा अगरबत्तीने डागून चिकटवायच्या. तिच्या बटव्यात काड्यापेटी असते. तिने अस्तराच्या आतल्या शिवणीतून एक लोंबता धागा ओढला, बाहेरच्या कापडाचाही एक काढला, आणि दोन्ही घेऊन दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. धागा जाळून बघायचा हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. सुताची राख होते. पॉलिएस्टर, नायलॉन वितळतं आणि त्याची गोळी होते. बाहेरच्या धाग्याची गोळी झाली. ती तिने नखाने दाबली. मग अस्तराचा जाळला. तो अर्धा जळला, अर्धा गोळी झाला. मिसळ धागा. ती परत आत आली आणि तिसरी पॅन्ट उलटी करायला लागली. मग चौथी. दुकानात दोन तरुण गिऱ्हाइकं होती, ती बघत होती. एकाने मोबाईल काढला.

माझा पारा चढला. मी म्हटलं, माय, पुरे. पॅन्ट मला घालायची आहे, मला पसंत आहे. तिने ऐकलंच नाही, पाचव्या पॅन्टमध्ये हात घातला. तेव्हा मी बोलले ते आठवलं की अजूनही मला माझ्या जिभेची लाज वाटते. मी म्हटलं, "तुला यायचंच नाही ना, तर तसं सांग. गुडघा माझा फुटला होता. तुला काय झालं होतं?"

मायने पॅन्ट खाली ठेवली. माझं मनगट धरलं आणि मला कपडे घालून बघायच्या खोलीत नेलं. पडदा ओढला. आत एक आरसा, एक स्टूल, वरती पिवळा दिवा, आम्ही दोघी जेमतेम मावत होतो. तिने डाव्या बाजूने पातळ वर घेतलं, मांडीपर्यंत.

मांडीच्या बाहेरच्या अंगाला, कमरेपासून जवळजवळ गुडघ्यापर्यंत, तळहाताएवढाले तीन चट्टे होते. कातडी ताणलेली, गुळगुळीत, आणि दिव्याखाली चमकणारी. ती चमक मी ओळखली. रोज तसलंच कापड माझ्या हाताखालून जातं.

"लुगडं चिकटी गयं व्हतं," ती म्हणाली. त्या दिवशी नेसलेली जांभळी साडी डांबरावर घासली, वितळली आणि मांडीला चिकटली होती. मी प्लास्टरमध्ये पडले होते तेव्हा ती दळण आणायला म्हणून जायची, ती दळणाला जात नव्हती. दवाखान्यात डॉक्टर चिमट्याने तिच्या मांडीतून धागे ओढून काढत होता. तीन आठवडे माझ्या उशाशी बसून तिने मला भाकरी भरवली आणि तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. तिने पातळ खाली सोडलं.

"तुले सांगं नही. तू गाडी सोडी देती व्हती."

खरंच सोडली असती. तिला बरोबर माहीत होतं. गाडी सुटली असती तर कामावर रिक्षांच्या मागे धावणं, उशीर, बोलणी, आणि मी परत घरात. तिला हवी होती ती आखाजी तिने सोडली, पण माझी गाडी राहू दिली. मी त्या स्टुलावर बसले आणि रडले. आरशात आम्ही दोघी दिसत होतो, मी रडताना आणि ती माझ्या केसातला दोरा काढताना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते काही खोटं नाही. दहा फुटांवरून तुटका धागा दिसतो म्हणून मिरवणारी मी, आणि घरात माझ्या शेजारी झोपणाऱ्या बाईच्या अंगावर काय आहे ते मला दोन वर्षांत दिसलं नव्हतं. सुती पातळं दिसत होती, पाय ओढणं दिसत होतं, मी फक्त पुढे सरकवत गेले.

बराच वेळ झाला असावा. पडद्याबाहेरून दुकानदार खाकरला. मी तोंड पुसून बाहेर आले आणि त्याला सांगितलं की पॅन्ट दोन हव्यात. एक माझ्या मापाची, एक आईच्या. माय म्हणाली, वेडी झालीस का, मी पॅन्ट घालू? माहेरी? आखाजीला? मी म्हटलं, तू पॅन्ट घालणार नसशील तर मी पण गाडी काढणार नाही, आणि मग निंब आपल्याशिवाय पडेल. हे जरा क्रूर होतं, पण दुसरं काही मला सुचलं नाही. निंबाचं नाव ऐकल्यावर तिने बटव्यातून परत काड्यापेटी काढली.

अपघातात काय झालं ते मी दुकानदाराला, त्याच्याकडे न बघता, थोडक्यात सांगितलं. मग त्याने भिंतीवरचा माल दाखवला नाही, कपाटाच्या वरच्या खणातून एक खोकं उतरवलं. त्या पॅन्टचं अस्तर बाहेरच्या कापडापासून सुटं होतं, अंगाला लागणारा भाग नुसत्या सुती जाळीचा. मायने धागा काढला, पायरीवर गेली, काडी ओढली. मी शेजारी बसले. धागा जळला, कागदासारखा वास आला, आणि तिच्या बोटावर करडी राख उरली. तिने ती अंगठ्याने पुसून माझ्या कपाळाला लावली. हे तिने का केलं ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

मायला ती पॅन्ट कमरेत बसली, लांबीला पुरून उरली, आणि पॅड गुडघ्याच्या खाली नडगीवर आलं. दुकानदाराने आतला पट्टा सोडून पॅड दोन बोटं वर लावलं. मग तिला त्या जुन्या गाडीवर बसायला सांगितलं, ती एका अंगाला बसली तर म्हणाला, असं नाही बा, दोन्हीकडे पाय. गुजरातीत आईला बा म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा माय दोन्हीकडे पाय टाकून बसली. तिने हँडलला हात लावून पाहिला. मोबाईलवाल्या मुलाने तिला अंगठा दाखवला, तेव्हा तिने तोंडाला पदर लावला. उरलेली लांबी तिने घरी स्वतः दुमडून शिवली, पण बसून मोजूनच.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. पॅन्टवर तिने वडिलांचा पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, पेटीत जपून ठेवलेला. डोक्याला हेल्मेट. एका पिशवीत सुती पातळ, गावाच्या शिवेवर बदलायचं असं तिने ठरवलं होतं. उधना संपलं, मागांची खडखड संपली, आणि मग मला कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. बारडोलीच्या अलीकडे ऊस तोडून झालेल्या शेतांत धूर रेंगाळत होता, मधेच उभा हिरवा ऊस, मधेच काळी राख. वारा पॅन्टमधून आरपार जात होता, पाण्यात पाय सोडून बसावं तसं. मायचे दोन्ही गुडघे माझ्या कमरेला टेकले होते. मला वाटलं, मी फरशीवरच पडलेली आहे आणि आता कुकर वाजणार. पण कुणाचा कुकर वाजला नाही. रसासाठी थांबलो तेव्हा हेल्मेटमधल्या मायला रसवाल्याने काका म्हटलं.

सोनगडच्या पुढचं ते वळण आलं. मी गाडी इतकी हळू केली की एक सायकलवाला पुढे गेला. खडी नव्हती, रस्ता स्वच्छ होता. माय मागून काहीतरी बोलली. मी वळण पार करून गाडी बाजूला घेतली, बंद केली, आणि हेल्मेट काढून तिला विचारलं, काय म्हणालीस? ती म्हणाली, काही नाही, चल म्हटलं.

शिवेजवळ आडोसा मिळाला नाही, जिकडे तिकडे आखाजीच्या पाहुण्यांची वर्दळ. माय म्हणाली, राहू दे, घरी बदलते. मामाच्या दारात गाडी थांबली तर मामा हात जोडून पुढे आला, या पाहुणे, बसा म्हणाला. मायने हेल्मेट काढलं. मामाचे जोडलेले हात तसेच राहिले. मग तो जो हसायला लागला तो खाली ओट्यावरच बसला.

दुसऱ्या दिवशी झोका बांधला. निंबाच्या खोडाला कुणीतरी चुन्याची रेघ मारून ठेवली होती, तिथून कापायचा. मामीने रीतीप्रमाणे मायला पाटावर बसवलं आणि लेकीची साडी हातात ठेवली. घडी उघडली तर मोरपंखी, चकाकणारी, आमच्या सुरतेचीच. मामीने बाजारातून हौसेने आणलेली. माहेरची साडी नेसल्याशिवाय झोक्यावर चढत नाहीत. मायने पदर चिमटीत धरून अंगठ्याने चोळला, तसाच, नेहमीसारखा. मग कपाळाला लावला आणि आत गेली.

बाहेर आली तेव्हा साडी नेसलेली होती. चालताना खाली काळे पाय दिसत होते. साडीच्या आत तिने ती पॅन्ट घातली होती, पॅडसकट. बाया हसायला लागल्या, मामी पण, आणि सगळ्यांत मोठ्याने माय. तिने दोर धरले, फळीवर आधी एक पाय ठेवला, मग दुसरा, आणि सावकाश उभी राहिली. पाय ओढणारी ती, फळीवर गुडघे वाकवून उभी. माझ्याकडे मान वळवून म्हणाली, "जोरमा ढकल."

मी तिच्या कमरेला दोन्ही हात लावले, आणि ढकललं.